एका जहाजाच्या वाटेवर डोळे लावलेलं शहर

मनिलात ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस उजाडलाच नाही. सोमवारी, ३० तारखेला रात्री लोक झोपले आणि उठले ते थेट बुधवारी, १ जानेवारी १८४५ रोजी. मधला मंगळवार गव्हर्नर नार्सिसो क्लावेरियानं हुकूम काढून खोडून टाकला होता.

हा काही लहरी कारभार नव्हता. तब्बल पावणेतीनशे वर्षं चुकत आलेला हिशेब त्यानं जुळवला होता. पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून, गोव्यावरून मकावला पोहोचले. स्पॅनिश आले उलट्या बाजूनं. अटलांटिक ओलांडून मेक्सिको, तिथून पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्स. मावळतीच्या दिशेनं प्रवास करत आलेल्यांच्या रोजनिशीत एक दिवस कमी भरला आणि तो तसाच राहिला. मकावमध्ये रविवारच्या प्रार्थनेची घंटा वाजे तेव्हा काही दिवसांच्या सागरी अंतरावरच्या मनिलात शनिवार असे. नकाशात शहर आशियात होतं, पण त्याची तारीख अमेरिकेची होती. कारभारही तिकडचाच. १८२१ पर्यंत मनिलाचा गव्हर्नर मेक्सिकोच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली मोडत असे आणि माद्रिदहून निघालेला कागद इथं पोहोचायला वर्ष-दोन वर्षं सहज जात.

आजच्या मनिलात हे जुनं शहर शोधायला लांब जावं लागत नाही. पासिग नदी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे, दक्षिण तीरावर, दगडी तटाच्या आत सुमारे ६४ हेक्टरांचा एक तुकडा आहे. नाव इंत्रामुरोस, म्हणजे सरळ ‘भिंतींच्या आत’. तटाची लांबी साधारण साडेचार किलोमीटर. रमतगमत, सावली पाहून थांबत चाललं तरी अर्ध्या दिवसात प्रदक्षिणा होते. बाहेर ‘जीपनी’ गाड्यांचे भोंगे, आत ‘कालेसा’ टांग्यांच्या घोड्यांच्या टापा. पहारेकरी अजूनही जुन्या स्पॅनिश पोलिसांच्या धर्तीचा गणवेश घालतात. पर्यटनखात्याची हौस, दुसरं काय!

पण मराठी प्रवाशानं तटात शिरण्याआधी राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात एक चक्कर टाकावी. तिथं वीतभर रुंदीचा एक काळपट ताम्रपट आहे. १९८९ मध्ये लागुना प्रांतात नदीपात्रातली वाळू उपसताना तो सापडला. लिपी जावा बेटाकडची, भाषा जुनी मलय, पण सुरुवात वाचताना आपल्याकडचा एखादा शिलाहार ताम्रपट हाती लागल्यासारखं वाटतं. ‘स्वस्ति’नं आरंभ, मग शक ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९०० चा एप्रिल. पंचांग पाहिलं तर त्या दिवशी चक्क संकष्टी. मजकूर आहे एका कुटुंबावरचं सोन्याचं कर्ज फिटल्याचा. त्यात ‘तुंडुन’ असं एक गाव येतं. पासिगच्या उत्तर तीरावरचं तोंडो ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘मनिला’ या नावाचा एक अर्थही ओळखीचा निघतो. ‘माय-निला’, जिथं नीळ आहे ते ठिकाण. आपली कपड्यांची नीळ आणि त्यांची निला एकाच संस्कृत शब्दाची लेकरं.

तर स्पॅनिश आले ते ओसाड किनाऱ्यावर आले नव्हते. नदीच्या मुखाशी राजा सुलेमानचा लाकडी कोट होता आणि कोटात तिथंच ओतलेल्या तोफा होत्या. पलीकडे तोंडोला लाकान दुला राज्य करत होता. चिनी जहाजं येत-जात होती, ब्रुनेईच्या दरबाराशी सोयरीक होती. १५७० मध्ये मार्तिन दे गोइती आला, लढाई झाली, गाव जळालं. पुढच्या वर्षी त्याचा वरिष्ठ मिगेल लोपेस दे लेगास्पी स्वतः आला आणि २४ जून १५७१ रोजी त्यानं या जागी स्पॅनिश शहराची स्थापना केली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५७२ मध्ये, तो वारला.

सुलेमानच्या कोटाच्या जागेवर आज सांतियागो किल्ला आहे. दरवाजावर लाकडात कोरलेला संत घोड्यावर बसलाय आणि टापांखाली मुसलमान योद्धे तुडवले जातायत. स्पेनमध्ये मूर लोकांशी शतकानुशतकं चाललेल्या लढ्याचा हा आश्रयदाता संत. हे शिल्प मुसलमान राजाच्या मोडलेल्या कोटावर उभं करणाऱ्यांना आपण काय सांगतोय ते नेमकं ठाऊक असणार.

दगडी तट मात्र लगेच झाला नाही. १५७४ मध्ये लिमाहोंग नावाच्या चिनी चाच्यानं शहर जवळपास घेतलंच होतं. लाकूड-गवताच्या घरांना आगी लागत. अखेर १५९० नंतर गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिन्यासनं तटाचं काम जोरात काढलं. पासिगच्या वरच्या अंगाला ग्वादालुपेत ज्वालामुखीचा मऊ दगड मिळे, तो होड्यांतून खाली येई. हात लावला तर आजही तो खरबरीत लागतो, जांभ्याची आठवण करून देतो, फक्त रंग राखाडी.

या तटाआड राहून स्पॅनिश माणसं करत काय होती? शेती नाही, कारखाने नाहीत, खाणी नाहीत. ती जहाजाची वाट पाहत होती.

१५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता या साधू-खलाशानं पॅसिफिक उलट ओलांडायचा मार्ग शोधला. उत्तरेला जपानच्या अक्षांशापर्यंत चढायचं, तिथले पश्चिमी वारे पकडायचे आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानं मेक्सिकोतल्या अकापुल्कोला उतरायचं. या एका शोधावर मनिला अडीचशे वर्षं जगली. चीनला चांदी हवी होती. तिथं सोन्याच्या तुलनेत चांदीला युरोपपेक्षा जवळपास दुप्पट भाव मिळे. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींत चांदी अमाप होती. चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, मोलुक्काचे मसाले, कोरोमंडलचं सुती कापड मनिलात गोळा व्हायचं, गलबतात भरलं जायचं आणि बदल्यात पेसोंच्या पेट्या यायच्या.

स्पेनच्या राजाला हा व्यापार फार फोफावलेला नको होता. चिनी रेशमानं स्पेनच्या विणकरांचा धंदा बसेल अशी भीती होती. म्हणून १५९३ मध्ये मर्यादा घातली. वर्षाला दोन जहाजं, जाताना अडीच लाख पेसोंचा माल, येताना पाच लाखांची चांदी. नियम कागदावर उत्तम होता. प्रत्यक्षात गाठोडी दाबून-दाबून अशी बांधली जात की वरून दिसावं एक आणि आत निघावं तिप्पट. गव्हर्नरापासून मठातल्या पाद्र्यापर्यंत साऱ्यांचे हात त्यात गुंतलेले असल्यावर मोजणार कोण? जहाजातल्या जागेचे हिस्से पाडून त्यांची चिठ्ठी, म्हणजे ‘बोलेता’, शहरातल्या मानकऱ्यांना वाटली जाई. एखाद्या विधवेच्या वाट्याला अशी चिठ्ठी आली आणि माल घ्यायला भांडवल नसलं, तर ती चिठ्ठीच व्यापाऱ्याला विकून वर्षाची बेगमी करी. भांडवल पुरवायला धर्मादाय संस्था होत्याच. पुण्यकर्मासाठी ठेवलेला निधी सागरी जोखमीवर व्याजानं दिला जाई. गलबत बुडालं की धर्मादायही बुडे.

आणि गलबतं बुडत. अडीच शतकांत इंग्रजांनी पकडलेली गलबतं फक्त चार, पण वादळांनी आणि खडकांनी गिळलेली तिसांच्या वर. ती बांधली जात खाडीपलीकडे काविते इथं, टणक स्थानिक लाकडातून. तोफेचा गोळा त्यात रुतून बसे, आरपार जात नसे, अशी ख्याती होती. हे लाकूड जंगलातून ओढून आणणारी माणसं वेठबिगारीतली. शेती टाकून, महिनोन्‌महिने घरापासून दूर. १६४९ मध्ये सामार बेटावरच्या लोकांना काविते गोदीवर पाठवायचा हुकूम निघाला तेव्हा सुमुरॉय नावाच्या माणसाच्या पुढारपणाखाली बंड झालं आणि ते आसपासच्या बेटांवरही पसरलं.

या जहाजावरचा प्रवास कसा असे, हे एका इटालियन माणसानं लिहून ठेवलंय. जेमेल्ली कारेरी हा वकील जगप्रदक्षिणेला निघाला होता. १६९५ मध्ये तो दमण, वसई पाहून, कान्हेरीची लेणी चढून, पुढं कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत म्हाताऱ्या औरंगजेबाला भेटून आला होता. गोव्याहून चीन आणि तिथून मनिला. १६९६ च्या जूनअखेर तो अकापुल्कोच्या गलबतावर चढला आणि २०४ दिवसांनी उतरला. बिस्किटांत किडे, वरणात अळ्या, अंगाला खाज, हिरड्यांतून रक्त. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, पण भांड्यात पोहणाऱ्या अळ्यांमुळं तो नियम पाळायचा कसा, अशा थाटाची त्याची कुरकुर आहे. जग पायाखाली घातलेल्या या माणसानं पुन्हा हा प्रवास करणार नाही असं ठरवलं, यात नवल नाही.

वसईचं नाव आलंच आहे तर आणखी एक माणूस सांगायला हवा. गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, सुमारे १५५७ चा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापारात उतरला आणि शेवटी मनिलात येऊन फ्रान्सिस्कन मठात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरानं जपानचा सर्वेसर्वा हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठवली, तेव्हा दुभाषा म्हणून हा वसईकर सोबत होता. तीन वर्षांनी ‘सान फेलिपे’ नावाचं अकापुल्कोला निघालेलं गलबत वादळात भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला, कुरबुर वाढली, पाद्री हे स्पॅनिश फौजेचे अग्रदूत असल्याचा संशय बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आलं. त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये रोमनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. तिथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या किती मुलांना मनिलातल्या त्या मठाची कथा ठाऊक असेल, कोण जाणे.

सगळेच स्वखुशीनं आले नव्हते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल मुलखातली मिर्रा नावाची एक मुलगी चाच्यांनी पळवली, कोचीनमार्गे मनिलाच्या बाजारात आणली आणि तिथून गलबतानं मेक्सिकोला पोहोचवली. पुएब्ला शहरात ती कातारिना दे सान हुआन या नावानं जगली. १६८८ मध्ये वारली तेव्हा अख्खं शहर तिला साध्वी मानत होतं.

तटाच्या पूर्वेला एका दरवाजाचं नाव पारियान. बाहेर चिन्यांची वस्ती होती, तिच्यावरून ते पडलं. स्पॅनिश त्यांना ‘सांग्लेय’ म्हणत. शहराचा शिंपी, चांभार, न्हावी, सुतार, भटारी, मासळीवाला, सगळे तिथले. तटावरच्या तोफांच्या माऱ्यात येईल अशी जागा त्यांना मुद्दाम नेमून दिलेली. रात्री दरवाजे बंद व्हायचे तेव्हा त्यांनी बाहेर असावं लागे. स्पॅनिश मूठभर, चिनी हजारोंनी. त्यातून भीती आणि भीतीतून क्रौर्य. १६०३ मध्ये चीनहून तीन अधिकारी काविते भागात सोन्याचा डोंगर आहे म्हणे, तो पाहायला आले. ही टेहळणी असणार असं स्पॅनिशांनी ठरवलं, तट घाईनं मजबूत केला, अफवा उठल्या. ऑक्टोबरात चिन्यांनी उठाव केला आणि पुढच्या काही आठवड्यांत वीस हजारांच्या आसपास माणसं कापली गेली. मनिलात न्यायाधीश राहून गेलेला अंतोनियो दे मोर्गा यानं पुढं लिहिलेल्या इतिहासात एक तपशील आहे, तो या आकड्याहून जास्त बोचतो. कत्तलीनंतर शहरात खायला काही मिळेना आणि पायात घालायला वहाण मिळेना. शिवणारेच उरले नव्हते. काही महिन्यांत चिनी जहाजं पुन्हा आली, कारण चांदी इथंच होती. १६३९ मध्ये पुन्हा तेच घडलं.

ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी १५९४ मध्ये नदीपलीकडे बिनोंडो वसवलं गेलं. आज ते जगातलं सर्वांत जुनं चायनाटाउन म्हणवून घेतं. चर्चचा अष्टकोनी मनोरा थोडा पॅगोड्यासारखा दिसतो. गल्ल्यांत सोनारांची दुकानं, औषधी मुळ्या आणि वाफाळत्या नूडल्स. इंत्रामुरोसपेक्षा इथं जीव जास्त आहे, हे स्पष्टच सांगायला हवं.

तटाच्या आत पाहण्यासारखं एकच खरं जुनं उरलंय, सान आगुस्तिन चर्च. १५८७ ते १६०७ या काळात ते उभं राहिलं. १६४५, १८६३, १८८० असे मोठे भूकंप आले. शेवटच्यात एका मनोऱ्याला तडे गेले आणि तो उतरवावा लागला, म्हणून दर्शनी बाजू एका खांद्यानं उंच दिसते. दारात चिनी धाटणीचे ग्रॅनाइटचे सिंह. आत मान वर करून पाहिलं की छतावर गच्च कोरीवकाम, फुलं, महिरपी. मग डोळे सरावले की कळतं, काहीच कोरलेलं नाही. छत नुसतं गुळगुळीत आहे. दोघा इटालियन चित्रकारांनी १८७५ मध्ये नुसत्या रंगछायेनं ही सगळी नक्षी उभी केली. एका बाजूला लेगास्पीची समाधी आहे. स्पेननं मनिला अमेरिकेच्या हवाली केली त्या ऑगस्ट १८९८ मधल्या शरणागतीच्या अटीही याच चर्चच्या एका दालनात ठरल्या. सुरुवात आणि शेवट एकाच छपराखाली.

भूकंपांनी घरंही शिकवली. खाली दगडी जोतं आणि भिंती, वरचा मजला लाकडाचा, हलला तरी न कोसळणारा. वरच्या मजल्याला सरकत्या खिडक्या आणि त्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोन. पातळ, दुधी, ऊन गाळून आत सोडणारे. गोव्यातली जुनी घरं पाहिलेल्या माणसाला या खिडक्यांसमोर क्षणभर मडगावात उभं असल्यासारखं वाटतं. तसाच शिंपला, तशीच लाकडी चौकट. सान आगुस्तिनसमोरचं ‘कासा मनिला’ मात्र १९८० च्या दशकात बांधलेलं नवं घर आहे, जुन्या साच्यात ओतलेलं. देखणं आहे, पण पाहताना एवढं ध्यानात ठेवावं.

कोरोमंडल किनाऱ्यावरच्या मद्रासचा संबंध कापडापुरता राहिला नाही. १७६२ च्या सप्टेंबरात मनिलाच्या उपसागरात अचानक इंग्रजी आरमार दिसलं. स्पेन आणि इंग्लंडचं युद्ध जुंपल्याची अधिकृत बातमीच मनिलात पोहोचलेली नव्हती. ती पहिल्यांदा शत्रूच्या तोंडून कळली. मोहीम निघाली होती मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमधून, विल्यम ड्रेपर आणि अॅडमिरल कॉर्निश यांच्या हाताखाली, आणि तिच्यात कंपनीचे शेकडो शिपाई होते. गव्हर्नरपद तेव्हा आर्चबिशप मानुएल रोहो सांभाळत होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तट फुटला, लूट झाली, चाळीस लाख पेसोंची खंडणी मागितली गेली. सिमोन दे आंदा नावाचा न्यायाधीश मात्र आदल्या रात्री होडीतून निसटला, सोबत शिक्क्याचे सरकारी कोरे कागद घेऊन. त्या कागदांच्या जोरावर त्यानं प्रांतात दीड वर्ष सरकार चालवलं. इंग्रजांना मनिलाबाहेर फारसं सरकता आलं नाही आणि १७६४ मध्ये तह पाळून ते परत गेले. काही शिपाई परतलेच नाहीत. पूर्वेकडच्या काइंता गावात त्यांनी लग्नं केली, संसार थाटले. तिथली काही घराणी आजही आपला वंश त्या शिपायांपर्यंत नेऊन पोहोचवतात.

शेवटचं गलबत १८१५ मध्ये आलं-गेलं. १८३४ मध्ये बंदर साऱ्या जगाला खुलं झालं, पुढं सुएझ कालवा आला आणि मुलं शिकायला युरोपात जाऊ लागली. त्यांतला एक डोळ्यांचा डॉक्टर, होसे रिझाल. १८८७ मध्ये बर्लिनमध्ये छापलेल्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीनं त्यानं पाद्र्यांच्या राज्याची लक्तरं काढली. पुढं लंडनला बसून मोर्गाचं ते जुनं पुस्तक हातानं उतरवून काढलं आणि आपल्या टिपांसह पॅरिसमध्ये छापलं, आम्ही तुमच्या आधीही होतो हे दाखवायला. लागुनाचा ताम्रपट त्याला पाहायला मिळाला असता तर!

१८९६ च्या अखेरीस त्याला सांतियागो किल्ल्यात ठेवलं. तिथून तटाबाहेरच्या बागुम्बायान मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर पितळी पावलं बसवली आहेत, ३० डिसेंबरच्या सकाळी देहदंडासाठी तो चालत गेला त्या वाटेनं. मापानं लहान आहेत. पर्यटक त्यांवर आपले बूट ठेवून फोटो काढतात, मुलं उड्या मारत जातात. पहिली काही पावलं जोडीनं स्पष्ट दिसतात, मग किल्ल्याचा दरवाजा, रस्ता, रहदारी.

इंत्रामुरोस अखेर पडलं ते स्पॅनिश गेल्यावर, १९४५ मध्ये. जपानी फौज तटाआड ठाण मांडून बसली होती, अमेरिकन तोफा बाहेरून धडाडत होत्या. महिनाभरात मनिलात सुमारे एक लाख नागरिक मेले. तटाच्या आतलं सान आगुस्तिन तेवढं उभं राहिलं. खंदक त्याआधीच अमेरिकनांनी बुजवला होता. आता तिथं गोल्फचं मैदान आहे. बुरुजावर उभं राहिलं की खाली टोपीवाला खेळाडू नेम धरताना दिसतो.

बाजारात शिरलं की गलबतांचा माल अजून टोपलीत सापडतो. चिकूला तिथंही ‘चिको’च म्हणतात. मूळ मेक्सिकोचं हे फळ या गलबतांतूनच मनिलाला आलं. उलट मेक्सिकोत एका गोड, पिवळ्या आंब्याचं नाव आहे ‘मनिला’. कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचं मिळतं, ते ‘आचारा’. आठवडी बाजाराला ‘तियांगे’ म्हणतात, तो शब्द अॅझ्टेक लोकांच्या भाषेतला. स्पॅनिश बोलणारे मात्र कधीच फार नव्हते. पाद्र्यांनीच तागालोग शिकून घेतली होती. तरी वारांची नावं स्पॅनिश राहिली, लुनेस, मार्तेस, मियेर्कोलेस. खोडला गेलेला तो मार्तेस धरून.

संध्याकाळी कालेसावाला तटाच्या सावलीत घोड्याला पाणी दाखवतो. भाडं विचारलं तर तागालोगमध्ये दोन शब्द बोलतो आणि आकडा मात्र स्पॅनिशमध्ये सांगतो. मग पुढं जोडतो, पेसो.